जुनी मोटार सीमा ओलांडते तेव्हा

एका देशातल्या खासगी मालकाकडून तीस वर्षांहून जुनी मोटार विकत घ्यायची आणि दुसऱ्या देशात ती रस्त्यावर आणायची, तर तिला तीन कसोट्यांवर उतरावे लागते. विकणारा तिचा खरा मालक आहे का, हे आधी सिद्ध व्हावे लागते. मग ती निव्वळ जुना माल आहे की जतन करण्याजोगी वस्तू, हे कस्टम्सला पटावे लागते. शेवटी नव्या देशाच्या नियमांप्रमाणे तिचे पासिंग व्हावे लागते. तिन्ही कसोट्यांचा निकाल दोनच गोष्टींवर लागतो: गाडीचे कागद आणि गाडीचे मूळपण. इंजिन नंतर दुरुस्त करता येते, रंग पुन्हा देता येतो. हरवलेला मालकीहक्क किंवा पुसलेला चासी नंबर मात्र कितीही पैसा ओतला तरी परत आणता येत नाही.

अमेरिकेतून जर्मनीत होणारी आयात हे या व्यवहाराचे उत्तम उदाहरण आहे. दोन्ही देशांत वाहनांच्या नोंदी काटेकोर असतात आणि दोन्हींकडे जुन्या गाड्यांची जाणती मंडळी आहेत. शिवाय अनेकदा ही गाडी मुळात जर्मनीतच जन्मलेली असते.

गेलेल्या गाड्यांची परतीची वाट

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन मोटार उद्योग उभा राहिला, त्यात अमेरिकी ग्राहकाचा वाटा मोठा होता. फोक्सवागनची बीटल, पोर्शची ३५६ आणि मर्सिडीज-बेंझच्या उघड्या टपाच्या गाड्या जहाजे भरभरून अटलांटिकपार गेल्या. मर्सिडीजच्या डब्ल्यू ११३ या मालिकेवरून त्याची कल्पना येते. मार्च १९६३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती २३० एसएल या नावाने लोकांसमोर आली. पुढे २५० एसएल आणि २८० एसएल ही रूपे निघाली आणि १९७१ मध्ये उत्पादन थांबले. तिच्या काढता येणाऱ्या कडक छताचा मधला भाग किंचित खोलगट असल्यामुळे लोक तिला 'पॅगोडा' म्हणू लागले. एकूण ४८,९१२ पॅगोडा बनल्या आणि त्यांतल्या १९ हजारांहून अधिक अमेरिकेत विकल्या गेल्या.

या गाड्या तिथे टिकल्या त्या हवामानामुळे. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मिठाचे पाणी पत्रा खाऊन टाकते. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा या कोरड्या भागांत वाढलेल्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो, रबरी पट्ट्या वाळून कडक झालेल्या असतात, पण तळाचा पत्रा शाबूत असतो. रबर आणि चामडे बदलता येते. गंजलेली चौकट नव्याने उभी करणे हे काही महिन्यांचे आणि फार खर्चाचे काम असते. म्हणून जर्मन खरेदीदार आजही अमेरिकेच्या पश्चिम भागाकडे वळतात.

विकणाऱ्याचा हक्क

अमेरिकेत वाहनाच्या मालकीचा पुरावा म्हणजे राज्य सरकारने दिलेले 'टायटल' हे मालकीपत्र. गाडी विकताना मालक त्याच्यावर सही करून ते खरेदीदाराच्या हवाली करतो. सोबत विक्रीपत्र असते आणि त्यात दोघांची नावे, तारीख, किंमत आणि चासी नंबर लिहिलेला असतो.

व्यापाऱ्याकडून गाडी घेतली तर मागे निदान एक पेढी उभी असते. खासगी विक्रेत्याच्या बाबतीत तसे नसते. 'आहे त्या स्थितीत' विकलेल्या गाडीत पुढे दोष निघाला, तर परदेशातल्या खरेदीदाराला दाद मागणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे सगळी खातरजमा पैसे पाठवण्याआधी करावी लागते. टायटलवरचे नाव आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्रावरचे नाव एकच हवे. मधल्या कुणीतरी गाडी घेतली, आपल्या नावावर केलीच नाही आणि जुन्या मालकाच्या सहीवरच ती पुढे विकायला काढली, असे घडते. हा व्यवहार बेकायदा आहे आणि त्यात खरेदीदाराचा हक्क अधांतरी राहतो.

टायटलवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरल्याचे सावकाराचे पत्र लागते. अपघातात मोडीत काढलेल्या गाडीच्या टायटलवर 'सॅल्व्हेज' असा शेरा असतो. ती पुढे दुरुस्त झाली, तरी त्या इतिहासाची खूण कागदावर राहते आणि किंमत उतरते. प्रत्येक राज्याची रीतही वेगळी आहे. न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलांना टायटल देत नाही. तिथे हस्तांतर करता येणारे नोंदणीपत्र हाच मालकीचा आधार असतो. हे ठाऊक नसलेला खरेदीदार चांगली गाडी संशयाने सोडून देतो. उलट ज्या राज्यात टायटल असायलाच हवे, तिथे 'ते हरवले आहे' या उत्तरावर समाधान मानणारा पुढे गोदीत अडकतो.

नंबर काय सांगतो

आज सगळीकडे रूढ असलेला सतरा अक्षरांचा वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती. पॅगोडाच्या चासी नंबरची सुरुवातच गाडीची ओळख सांगते. ११३.०४२ म्हणजे २३० एसएल, ११३.०४३ म्हणजे २५० एसएल आणि ११३.०४४ म्हणजे २८० एसएल. पुढचे दोन आकडे स्टिअरिंग आणि गिअर सांगतात. १० असेल तर स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर हाताने टाकायचे. १२ असेल तर स्टिअरिंग डावीकडेच, पण गिअर स्वयंचलित. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांवर २० किंवा २२ येते. त्यानंतर गाडीचा अनुक्रमांक.

म्हणजे नंबरात १२ असताना गाडीत हाताने टाकायचे गिअर दिसले, तर पुढे कधीतरी गिअरबॉक्स बदलला आहे, हे जागच्या जागी कळते. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण मूळपण गेलेले असते आणि त्याचा हिशेब किमतीत धरावा लागतो. कारखान्याने प्रत्येक गाडीची एक तपशीलपत्रिका ठेवलेली असे. इंजिन नंबर, रंगाचा संकेतांक, आतल्या चामड्याचा रंग आणि कारखान्यात बसवलेल्या जास्तीच्या सोयी तिच्यात नोंदलेल्या असतात. चासीवर ठोकलेला आकडा, इंजिनखान्यातली पाटी, इंजिनावरचा नंबर आणि ही पत्रिका ही चारही एकमेकांशी जुळली, की गाडी स्वतःची साक्ष स्वतः देते.

टायटलवरचा नंबर अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा असतो. जुन्या नोंदी हाताने उतरवलेल्या असल्यामुळे एखादा आकडा उलटसुलट होणे किंवा गळणे सहज घडते. अशी चूक विक्रेत्याच्या राज्यात त्याच्याच सहीने दुरुस्त होते. गाडी गोदीत पोचल्यावर ती दुरुस्त करायला गेले, तर रोज गोदीभाडे चढत राहते.

पत्र्याची परीक्षा

गाडीची तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून व्हावी आणि ती लिफ्टवर चढवून व्हावी. फोटोंत रंग चमकतो, पण गंज खालून लागतो. दाराखालचे उंबरठे, पायाखालचा तळ, डिकीतली चाकाची खळगी आणि हेडलाइटमागचे कप्पे या जागा आधी कुजतात.

अनुभवी तपासनीस जवळ एक लहान लोहचुंबक ठेवतो. पत्र्यावर लांबी जाड भरलेली असेल, तर चुंबक तिथे धरत नाही. पॅगोडावर मात्र हा प्रयोग समजून करावा लागतो. तिचे बॉनेट, डिकीचे झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा अॅल्युमिनियमचा आहे. तिथे चुंबक मुळातच चिकटत नाही आणि नवखा माणूस धास्तावतो. पुढचे-मागचे मडगार्ड पोलादी आहेत, त्यामुळे खरी परीक्षा तिथे होते. बॉनेट उघडले की पुढचे मडगार्ड चौकटीला जिथे मिळते, त्या कडेवर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे बारीक गोल खळगे ओळीने दिसायला हवेत. ते सपाट झाले असतील किंवा त्यांच्या जागी वेल्डिंगची सलग रेघ असेल, तर मडगार्ड बदललेले आहे. गाडी कधीतरी समोरून धडकली होती, हा त्याचा सरळ अर्थ.

जुळलेल्या नंबरांना आणि न छेडलेल्या पत्र्याला एवढे महत्त्व का, हे फिव्हा या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या भूमिकेतून समजते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाने ट्यूरिन सनद स्वीकारली. वास्तुवारशासाठी असलेल्या व्हेनिस सनदेचीच दृष्टी तिने मोटारींना लावली: जुने शक्य तितके राखावे, बदल कमीत कमी करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. गाडी चकचकीत करण्याच्या हौसेपायी तिचा मूळ रंग, मूळ कापड आणि मूळ भाग कचऱ्यात जातात, तेव्हा एका काळाच्या कारागिरीचा पुरावाच नाहीसा होतो. हे नुकसान भरून न येणारे आहे.

पैसा, गोदी, समुद्र

रक्कम बँकेतून बँकेत पाठवणे हा रूढ मार्ग. दोघांशीही संबंध नसलेल्या तिसऱ्याच्या खात्यात ती ठेवायची आणि टायटल हाती येऊन गाडी वाहतूकदाराच्या ताब्यात गेली की सोडायची, ही पद्धत खासगी व्यवहारात जास्त सुरक्षित. विक्रीपत्रावर खरी किंमत लिहावी. कर वाचवण्यासाठी आकडा कमी दाखवला तर कस्टम्स बाजारभावाशी ताडून तो नाकारू शकते. शिवाय वाटेत गाडीचे काही झाले, तर विम्याची भरपाईही त्याच खोट्या आकड्यावर येऊन थांबते.

चोरीच्या गाड्या देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून वापरलेल्या गाडीच्या निर्यातीवर अमेरिकी कस्टम्सची कडक नजर असते. समुद्रमार्गे जाणारी गाडी आणि तिचे मूळ मालकीपत्र निर्यातीच्या किमान ७२ तास आधी बंदरावर हजर करावे लागते. निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंद करून तिचा क्रमांकही मिळवावा लागतो. वापरलेल्या वाहनाची किंमत कितीही कमी असली तरी ही नोंद चुकत नाही. मूळ टायटल टपालात अडकले असेल, तर गाडी जहाजाच्या शेजारी उभी असूनही मागे राहते.

जहाजावर गाडी दोन प्रकारे जाते. रो-रो जहाजात ती चाकांवर चालवत आत नेतात. हा मार्ग स्वस्त असतो, पण गाडी चालू स्थितीत हवी आणि तिची किल्ली वाटेत अनेकांच्या हातांतून जाते. कंटेनरमध्ये गाडी लाकडी ठोकळ्यांत आणि पट्ट्यांनी जखडून बंद होते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये एकाहून अधिक गाड्या बसत असल्याने भाडे वाटून घेता येते. टाकीत इंधन थोडेच ठेवतात आणि बॅटरीची जोडणी काढतात. सुटे भाग आणि जुनी कागदपत्रे गाडीत सोडून देण्यापेक्षा त्यांची स्वतंत्र यादी करणे श्रेयस्कर.

सागरी विमा टाळू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये अझोर्स बेटांजवळ 'फेलिसिटी एस' या मोटारवाहू जहाजाला आग लागली आणि १ मार्चला ते सुमारे ४,००० गाड्यांसह बुडाले. गाडी बचावली तरी धोका संपत नाही. जहाज आणि माल वाचवण्यासाठी मुद्दाम नुकसान सोसले किंवा खर्च केला, तर त्याचा बोजा जहाजातल्या सगळ्या मालाच्या मालकांवर वाटला जातो. सागरी कायद्यातली ही फार जुनी रीत आहे. विमा नसलेल्याला आपली सुखरूप गाडी सोडवण्यासाठी आधी रक्कम भरावी लागते.

कस्टम्सचा मूळ प्रश्न

ब्रेमरहाफेन, रॉटरडॅम किंवा अँटवर्पला गाडी उतरली, की तिला कोणत्या शीर्षकाखाली धरायचे हा प्रश्न येतो. साधी प्रवासी मोटार म्हणून धरले, तर युरोपीय संघाचा नेहमीचा दर १० टक्के जकात आणि त्यावर जर्मनीचा १९ टक्के मूल्यवर्धित कर. शीर्षक ९७०५, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाची संग्राह्य वस्तू म्हणून धरले, तर जकात शून्य आणि कर फक्त ७ टक्के.

आकड्यांत हा फरक असा पडतो. गाडीची किंमत ६०,००० युरो आणि भाडे-विमा २,००० युरो धरले, तर करपात्र मूल्य ६२,००० होते. साध्या गाडीला जकात ६,२०० आणि ६८,२०० वर १९ टक्क्यांनी १२,९५८, म्हणजे एकूण १९,१५८ युरो. संग्राह्य गाडीला ४,३४० युरो. एका वर्गीकरणावर १४,८१८ युरोंचा फरक पडतो.

या वर्गीकरणाला न्यायालयीन इतिहास आहे. १९८५ मध्ये युरोपीय न्यायालयाने संग्राह्य वस्तूची लक्षणे सांगितली. ती तुलनेने दुर्मीळ असावी, मूळ कामासाठी सहसा वापरली जात नसावी, नेहमीच्या बाजाराबाहेर तिचे खास व्यवहार होत असावेत आणि ती मूल्यवान असावी. शिवाय तिने मानवी कर्तृत्वाचा एखादा टप्पा किंवा एखादा काळ दाखवावा. मोटारीच्या बाबतीत ही मोजपट्टी लावणे अवघड होते. १९९८ च्या निकालाने ती सुटसुटीत केली: गाडी किमान तीस वर्षांची, मूळ स्थितीतली आणि उत्पादन थांबलेल्या मॉडेलची असेल, तर ती ऐतिहासिक महत्त्वाची मानायची. चासी, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन आदींत मोठे फेरबदल असतील तर ही सवलत हुकते. पॅगोडात नंतर कुणी अमेरिकी व्ही-८ इंजिन बसवले असेल, तर तिचे वय साठ असूनही कस्टम्सच्या लेखी ती साधी वापरलेली मोटार ठरते.

गाडी जर्मनीतच बनली होती, या मुद्द्याचा इथे उपयोग होत नाही. परत आलेल्या मालाला मिळणारी सूट साधारण तीन वर्षांच्या आत परतणाऱ्या वस्तूंसाठी आहे. साठ वर्षांपूर्वी निघून गेलेली गाडी आपल्याच गावी परकी म्हणून येते.

कर तिथे लागतो, जिथे गाडी संघाच्या बाजारात मोकळी होते. रॉटरडॅमलाच ती सोडवली, तर नेदरलँड्सचा ९ टक्के दर बसतो. संक्रमणाच्या कागदावर बंद मालाप्रमाणे जर्मनीत आणून तिथे सोडवली तर ७ टक्के. कर भरल्यावर कस्टम्सकडून मिळणारा दाखला जपून ठेवावा लागतो, कारण पुढे नोंदणीच्या खिडकीवर तो मागतात.

जर्मन पासिंग

अमेरिकेत चालणारी गाडी जर्मनीत तशीच चालत नाही, हे तिच्या दिव्यांवरून पहिल्यांदा कळते. अमेरिकेच्या जुन्या नियमांमुळे तिकडे जाणाऱ्या पॅगोडांना गोल सीलबंद हेडलाइट लावले जात. युरोपातल्या पॅगोडाचा उभा, काचेत एकसंध दिसणारा दिवा त्यांना नसे. १९६८ पासून बाजूचे दिवेही आले. जर्मनीत आल्यावर युरोपीय प्रमाणचिन्हाचे हेडलाइट बसवावे लागतात आणि इंडिकेटरचा रंग व जागा नियमांप्रमाणे करावी लागते. पॅगोडाचे युरोपीय दिवे मूळ रचनेचाच भाग असल्यामुळे हा बदल तिला तिच्या पहिल्या रूपाकडे नेतो.

त्यानंतर मान्यताप्राप्त तज्ज्ञ वाहन परवाना नियमांच्या कलम २१ खाली गाडी पूर्ण तपासतो. युरोपातली जुनी नोंद नसल्याने वजन, मापे, इंजिनाची क्षमता, वेग आणि टायरचा आकार हे सारे नव्याने नोंदवायचे असते. कंपनीचा तांत्रिक तक्ता हाताशी असेल तर काम लवकर आटोपते.

त्याच वेळी कलम २३ खाली दुसरा अहवाल मागता येतो. गाडी तीस वर्षांची, बहुतांशी मूळ स्थितीतली, नीट राखलेली आणि मोटारीचा सांस्कृतिक वारसा जपणारी आहे, असे तज्ज्ञाने लिहिले की नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळते. १९९७ पासून ही पाटी आहे. एच-पाटीच्या मोटारीला इंजिन कितीही मोठे असले तरी वर्षाला १९१.७३ युरो इतका ठरीव कर बसतो. २८० एसएलचे इंजिन २,७७८ घनसेंटिमीटरचे आहे. उत्प्रेरक नसलेल्या पेट्रोल गाडीच्या सर्वांत चढ्या दराने, म्हणजे दर १०० घनसेंटिमीटरला किंवा त्याच्या उरलेल्या भागाला २५.३६ युरोप्रमाणे, तिचा वार्षिक कर ७१०.०८ युरो झाला असता. धुराच्या नियमांमुळे जुन्या गाड्यांना बंद असलेले शहरी भागही एच-पाटीला खुले असतात.

नोंदणी कार्यालयात मूळ टायटल, विक्रीपत्र, कस्टम्सचा दाखला, दोन्ही तांत्रिक अहवाल आणि विम्याचा क्रमांक एकत्र द्यावा लागतो. सगळे जुळले की जर्मन वाहनपत्र हाती येते आणि अमेरिकी टायटलचे काम संपते. त्याची प्रत मात्र ठेवावी, कारण गाडीच्या आयुष्यातली मधली दशके त्याच कागदावर आहेत.

भारतातली वाट

भारतात ही वाट बरीच अरुंद आहे. सर्वसाधारण वापरलेली मोटार आयात करायची तर ती बनून तीन वर्षांहून अधिक झालेली नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, अशी अट राहिली आहे. व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी मोकळीक होती, पण दीर्घकाळ ती १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या वाहनांपुरतीच होती. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्या या दोन मर्यादांच्या मधोमध अडकल्या.

नोंदणीच्या बाजूने २०२१ मध्ये मोठे पाऊल पडले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, बिगरव्यापारी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून कायदेशीर ओळख मिळाली. गाडीचे मूळ रूप टिकलेले असावे, ही अट इथेही आहे. राज्याच्या संक्षेपानंतर 'व्हीए' अक्षरांची नंबरमालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे. आयात केलेल्या गाडीसाठी कस्टम्सचे बिल ऑफ एन्ट्री जोडावे लागते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. जर्मनीतली एच-पाटीची गाडी रोज कामावरही नेता येते.

हा फरक असूनही पाया एकच आहे. दोन्ही देशांनी मान्य केले की ठरावीक वय ओलांडलेली आणि मूळ रूप राखलेली गाडी भंगार नसून वारसा आहे. चाकणला मर्सिडीज बनवणाऱ्या पुणे परिसरात आणि जुन्या गाड्यांचे क्लब पोसणाऱ्या मुंबईत हे ज्ञान आणि कसब दोन्ही आहे. गरज आहे ती नोंदींच्या शिस्तीची. घरात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे आरसी बुक, पहिल्या विक्रीची पावती, कर भरल्याचे कागद, दुरुस्तीची बिले आणि जुने फोटो एका जागी ठेवले, चासी व इंजिनाचे नंबर स्वच्छ करून त्यांची छायाचित्रे घेतली आणि काढलेले मूळ भाग फेकून न देता सांभाळले, तर ती गाडी देशात राहो वा उद्या सीमा ओलांडो, तिची ओळख शाबूत राहील. हे काम आजच्या मालकालाच करता येते. पुढच्या मालकाकडे त्यासाठी लागणारा पुरावा उरलेला नसतो.